लामांसाठी घरपोच प्रजनन-तपासणी : दोन हंगामांनंतरचे मत

अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या विलामेट खोऱ्यात आमच्याकडे लामांच्या (दक्षिण अमेरिकेतील, उंटाच्या कुळातल्या लोकरी प्राण्यांच्या) सहा माद्या आणि एक नर आहे. गेले दोन हंगाम आम्ही त्यांच्यासाठी गोठ्यावर येऊन तपासणी करणाऱ्या एका पशुवैद्यक बाईंची सेवा घेत आहोत. मादीची सोनोग्राफी, रक्तातील प्रोजेस्टेरॉनची (बीज सुटल्यावर अंडाशयातून स्रवणाऱ्या संप्रेरकाची) चाचणी, साठाव्या दिवसापर्यंत गाभणपणाचा पाठपुरावा आणि विण्याच्या वेळी दूरध्वनीवरून सल्ला असे या सेवेचे स्वरूप आहे. ही सेवा घेण्यापूर्वीच्या वर्षी आमच्या पाच माद्यांपैकी एकच व्याली होती. सेवा घेतल्यानंतर पहिल्या हंगामात पाचांपैकी तीन आणि दुसऱ्यात सहांपैकी पाच व्याल्या. एवढ्या लहान कळपाच्या आकड्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. परंतु चूक नेमकी कोठे होत होती, हे आम्हाला याच काळात समजले.

माझे बालपण सातारा जिल्ह्यात म्हशींच्या गोठ्यात गेले. म्हशीचा मुका, म्हणजे बाहेरून फारसा न दिसणारा, माज ओळखण्यासाठी पहाटे उठून फेरी मारणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यामुळे लामांमध्येही मी माजाचीच लक्षणे शोधत राहिलो. डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत हा गैरसमज दूर केला. लामाच्या मादीला गाईसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज नसतो; तिचे स्त्रीबीज संयोगानंतरच, साधारण एक ते दोन दिवसांत सुटते. नराच्या वीर्यातील एक प्रथिन त्यास कारणीभूत असते, आणि ते चेतातंतूंच्या वाढीला मदत करणारे आधीच ठाऊक असलेले प्रथिनच आहे, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. मात्र संयोग झाला म्हणजे बीज सुटलेच असे नाही. अंडाशयावरील पुटक (ज्यात बीज वाढते ती द्रवाची पिशवी) सुमारे सात मिलिमीटरपर्यंत वाढलेले नसेल, तर नर-मादी अर्धा तास जमिनीवर बसून संयोग करत राहिली तरी काहीही साध्य होत नाही. म्हणूनच संयोगाआधीची सोनोग्राफी हा या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग आहे, असे माझे मत झाले.

दुसरी चूक अधिक महागात पडली होती. नराला कळपातच मोकळे सोडले की कधी ना कधी माद्या फळतील, अशा समजुतीने आम्ही तो बारा महिने माद्यांबरोबर ठेवत असू. लामाच्या संयोगात वीर्य थेट गर्भाशयाच्या शिंगांत (डाव्या-उजव्या फाट्यांत) पडते आणि तेथील अस्तराला इजा होते. ती भरून येण्याआधीच पुन:पुन्हा संयोग झाले, तर जंतुसंसर्ग बळावतो. आमची एक तांबूस मादी तीन वर्षे भाकड होती. गर्भाशयातील स्रावाच्या तपासणीत संसर्ग निघाला, उपचार झाले, तिला पहिल्या हंगामात पूर्ण विश्रांती दिली आणि दुसऱ्या हंगामात पुटक मोजून एकदाच नर दाखवला. ती गाभण राहिली आणि यंदा एप्रिलमध्ये व्याली.

गाभणपण ओळखण्याची पाळणाऱ्यांची जुनी पद्धत अशी की नर जवळ आणल्यावर मादी थुंकली आणि पळाली तर ती गाभण, आणि संयोगासाठी खाली बसली तर रिकामी. ही पद्धत फुकट आहे आणि बऱ्यापैकी उपयोगीही आहे. पण मादी थुंकते ती प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावामुळे, पोटात गर्भ आहे म्हणून नव्हे. आमची एक मादी महिनाभर नराच्या तोंडावर थुंकत होती, आणि सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे निघाले. दुसऱ्या एका मादीत पंचविसाव्या दिवशी गर्भाचे ठोके स्पष्ट दिसले होते, तरी साठाव्या दिवशी गर्भ नव्हता. लामांमध्ये सुरुवातीच्या दोन महिन्यांत गर्भ जिरण्याचे प्रमाण मोठे असल्याने साठाव्या दिवसापूर्वी कोणालाही पेढे वाटू नका, असा इशारा डॉक्टरबाईंनी आधीच दिला होता. (पेढे हा शब्द अर्थातच माझा.) तपासताना त्या प्रथम डावीकडेच पाहतात, कारण बीज कोणत्याही अंडाशयातून सुटले तरी लामाचा गर्भ जवळजवळ नेहमी गर्भाशयाच्या डाव्या शिंगातच वाढतो.

आता उणिवा. बीज सुटले की नाही हे पाहण्यासाठी संयोगानंतर सातव्या-आठव्या दिवशी रक्त घेतात. परंतु नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो. पहिल्या हंगामात तो गुरुवारी घेतल्यामुळे मधे शनिवार-रविवार आले, अहवाल पाच दिवसांनी मिळाला आणि मादीला पुन्हा नर दाखवण्याची योग्य वेळ हातची गेली. त्याहून गंभीर बाब म्हणजे पहिल्या वर्षी सर्व लक्ष माद्यांवरच राहिले आणि नराची तपासणी कोणी सुचवलीच नाही. उन्हाच्या तडाख्याने लामा नराच्या वीर्याची प्रत घसरते आणि ती सुधारायला कित्येक आठवडे जातात. २०२१ च्या जूनअखेरीस पोर्टलंडचा पारा ४६ अंशांवर गेला होता, त्यामुळे हा धोका आमच्या भागात काल्पनिक राहिलेला नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही स्वतः आग्रह धरल्यावर नर तपासला गेला, तो वेळेत कातरला आणि त्याच्या सावलीत पंखे लावले. कृत्रिम रेतन या सेवेत नाही. पण तो दोष मी त्यांच्या माथी मारणार नाही. लामाचे वीर्य इतके चिकट असते आणि गोठवल्यावर इतके खराब होते की गाईच्या रेतमात्रेसारखी सोय अद्याप सर्रास झालेली नाही.

खर्चाचा विचार मात्र करावाच लागतो. प्रत्येक फेरीचे प्रवासशुल्क वेगळे आकारले जाते, आणि १९८० च्या दशकात या देशात लामांना जे भाव येत होते ते आता राहिलेले नाहीत. एका मादीसाठी तीन फेऱ्या परवडणार नाहीत. आम्ही शेजारच्या कळपाशी दिवस जुळवून शुल्क वाटून घेतो.

विण्याच्या वेळचा सल्ला उत्तम होता. लामा बहुधा सकाळी ते दुपारच्या सुमारास वितात, त्यामुळे रात्री कळा दिसल्यास वाट न पाहता फोन करावा, अशी त्यांची स्पष्ट सूचना होती. गर्भात असताना पिल्लाला आईकडून प्रतिपिंडे फारशी मिळत नाहीत, म्हणून चीक वेळेवर पाजणे आणि दुसऱ्या दिवशी पिल्लाचे रक्त तपासणे यावर त्यांचा भर होता. अशा तपासणीमुळे एका अशक्त पिल्लाला वेळीच प्लाझ्मा (प्रतिपिंडे असलेला रक्तद्रव) देता आला. लामाच्या पिल्लाला स्पॅनिशमध्ये ‘क्रिया’ म्हणतात. त्यावरून आमच्या घरी होणाऱ्या कोट्या येथे देत नाही.

येत्या हंगामासाठीही आम्ही हीच सेवा ठरवली आहे. या वेळी दोन अटी लेखी घातल्या आहेत : नराची तपासणी एप्रिलमध्येच होईल, आणि रक्ताचे नमुने फक्त सोमवारी किंवा मंगळवारी घेतले जातील. डॉक्टरबाईंनी दोन्ही मान्य केल्या आहेत.