टॅबलेटवरचा विमानतळ आणि काचेबाहेरचा विमानतळ

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, आपले विमान नेमके कुठे आहे हे विमानतळाच्या नकाशावर सरकत्या चिन्हाने दाखवणारे एक अ‍ॅप मी वर्षभर कॉकपिटमधील टॅबलेटवर वापरत आहे. ते कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही, हे दोन अपघातांवरून नीट समजते.

मिलानच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 रोजी दाट धुक्यात एका छोट्या सेसना जेटला आर-5 टॅक्सीवेने (विमानांच्या जमिनीवरील ये-जा करण्याच्या वाटेने) जाण्यास सांगितले होते. ते आर-6 वर वळले, तसेच पुढे धावपट्टीवर आले आणि उड्डाणासाठी वेगात निघालेले एमडी-87 प्रवासी विमान त्यावर आदळले. 118 जणांचा मृत्यू झाला. जमिनीवरील हालचाल दाखवणारे रडार तेव्हा बंद होते. अशा वाट चुकण्यावर हे अ‍ॅप खरोखर चांगले आहे: ग्राउंड कंट्रोलने (जमिनीवरील हालचालींच्या नियंत्रकाने) दिलेला मार्ग त्यावर आधीच आखून ठेवता येतो, हॉट स्पॉट, म्हणजे चूक होण्याचा धोका जास्त असलेल्या जागा, ठळक दिसतात आणि धावपट्टी जवळ येताच तिचा क्रमांक मोठ्याने ऐकू येतो. पावसाळी रात्री, ओल्या डांबरावर निळे दिवे विखुरलेले दिसत असताना, त्या आवाजाने मला एकदा वेळेवर ब्रेक लावायला लावले आहेत.

टोकियोच्या हानेदा विमानतळावर 2 जानेवारी 2024 रोजी घडले ते निराळे. तटरक्षक दलाच्या विमानाला सी-5 होल्डिंग पॉइंटपर्यंतच (धावपट्टीआधी थांबण्याच्या जागेपर्यंतच) येण्यास सांगितले होते, पण परवानगी मिळाली या समजुतीने ते धावपट्टीवर जाऊन थांबले आणि उतरणारे ए350 प्रवासी विमान त्याला धडकले. ए350 मधील सर्व 379 जण बाहेर पडू शकले. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण दगावले. येथे प्रश्न आपण कुठे आहोत हा नव्हता, तेथे असण्याची मुभा आहे का हा होता, आणि त्याचे उत्तर नकाशापाशी नसते. परवानगी असो वा नसो, अ‍ॅप एकाच सुरात बोलते. रोज चार वेळा ऐकलेला तो आवाज महिन्याभरात कानावरून जाऊ लागतो, आणि माझ्या मते हाच या अ‍ॅपचा सर्वांत मोठा दोष आहे.

किरकोळ तक्रारीही आहेत. तीव्र वळणावर चिन्ह क्षणभर मागे राहते, आणि नोटॅमने (वैमानिकांसाठीच्या तात्पुरत्या सूचनेने) बंद केलेला टॅक्सीवे नकाशावर उघडाच दिसतो. नकाशा बोटांनी मोठा करण्याच्या नादात नजर खाली जाते, म्हणून आमच्याकडे टॅबलेट सहवैमानिक पाहतो. विमान चालवणाऱ्याने बाहेरचे लाल फलक, स्टॉप बारचे (धावपट्टीआधी आडव्या ओळीतले लाल) दिवे आणि होल्डिंग पॉइंटच्या पिवळ्या रेषाच पाहायच्या, आणि रीडबॅकविषयी (नियंत्रकाची सूचना परत म्हणून दाखवण्याविषयी) दोघांपैकी एकालाही शंका आली तर विमान थांबवून पुन्हा विचारायचे.

वर्गणी मी पुढेही भरणार आहे. पुढच्या आवृत्तीत मात्र मार्ग आखतानाच ‘येथे थांबायचे’ अशी खूण करता यावी आणि ती ओलांडली जाण्याआधी वेगळा, कर्कश इशारा मिळावा, एवढी मागणी आहे.