जवान स्वागत पॅकेज : वरातीच्या सामानावर तिरंगी झूल

निवृत्त होऊन घरी येणाऱ्या जवानाची मिरवणूक सातारा-सांगलीकडच्या गावांत नवी नाही. आता मुंबईतल्या चाळी आणि सोसायट्याही ती काढू लागल्यात. मागणी दिसली की मुंबईत पॅकेज निघायला कितीसा वेळ लागतो? परळ-लालबाग पट्ट्यातला एक डेकोरेटर देतो त्या ‘जवान स्वागत पॅकेज’चं हे परीक्षण. त्याचं नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच सामान सगळीकडे मिळतं: सजवलेली उघडी जीप, बारा जणांचा ब्रास बँड, तीस जणांचं ढोल-ताशा पथक, फुलं, गुलाल, पेपर ब्लास्टर, दहा बाय वीसचं स्टेज, फ्लेक्स, पन्नास फेटे आणि ‘मिलिटरी ड्रेसमधली सहा मुलं’. दरही देत नाही. लग्नाच्या तिथीला एक भाव, गणपतीच्या आधी दुसरा आणि आषाढात तिसरा, तेव्हा आकडा छापून उपयोग शून्य.

आमचा निकाल आधीच सांगून टाकतो. जीप आणि बँड घ्या, फुलं स्वतः आणा, बाकी कोटेशनवर काट मारा. पॅकेज मुळात वरातीचं आहे. जवानाच्या मिरवणुकीत मात्र माजी सैनिकांची तुकडी संचलन करत चालते. वरातीत रेंगाळण्यात मजा असते, संचलनात रेंगाळलं की सगळं फिसकटतं. डेकोरेटरला हा फरक कळलेला नाही आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात.

हिशेब करून बघा. संचलनातल्या ‘तेज चल’ची चाल मिनिटाला १२० कदम, एक कदम ३० इंचांचा, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटर. मिनिटाला ९० मीटर होतात. चाळीपासून मैदानापर्यंत ८०० मीटर अंतर असेल तर माजी सैनिकांची तुकडी नऊ मिनिटांत पोचते. ढोल-ताशा पथक तेवढ्याच अंतराला दीड तास सहज खातं, कारण दर चौकात वर्तुळ करून वाजवायचं असतं. पॅकेजच्या आराखड्यात पथक सगळ्यात पुढे, त्यामागे बँड, मग जीप आणि शेवटी तुकडी. म्हणजे पासष्टीचे सुभेदार-हवालदार कडक बुटांत ‘थम’ करून वीस-वीस मिनिटं उभे. नुसतं चालताना ज्यांचे गुडघे कुरकुरत नाहीत, तेही असं थांबून-थांबून चालताना बसायला जागा शोधू लागतात.

क्रम उलटा लावून घ्या: बँड, तुकडी, जीप, कुटुंब, मग वाडीतली मंडळी. पथक हवंच असेल तर त्याला मैदानावर उभं करा आणि तुकडी पोचून ‘विसर्जन’च्या हुकमावर मोकळी झाल्यावर वाजवू द्या. तिथे त्यांना हवा तेवढा वेळ मिळतो आणि कुणाची चाल मोडत नाही.

बँडचं काम चांगलं आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट सुरात, युफोनियमवाला जुना जाणता. अडचण लयीची. लग्नाच्या हंगामात हात गरब्याच्या आणि कोळीगीताच्या ठेक्यावर बसलेले असतात, त्यामुळे मार्च वाजवतानाही मधेच झोल येतो. ठरवताना बँडमास्तरला ‘देशभक्तीची गाणी’ एवढंच सांगू नका. ‘दोनाचा ठेका, १२० वर’ असं सांगा. मोबाइलवरच्या मेट्रोनोमवर (ठेका मोजणाऱ्या ॲपवर) १२० लावून दोन धून समोर वाजवून घ्या. बास ड्रमचा मोठा ठोका डाव्या पायावर यायला हवा. तो उजव्यावर गेला की तुकडीतला निम्मा भाग पाय बदलतो आणि उरलेला निम्मा बदलणाऱ्यांकडे बघत बसतो.

बँड आणि तुकडीतलं अंतर वीस-पंचवीस मीटरच्या वर जाऊ देऊ नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि १२०च्या चालीत पाऊल दर अर्ध्या सेकंदाला पडतं. ८५ मीटर मागे असलेल्या माणसाला ठोका पाव सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे पुढच्याचा पाय जमिनीवर पडतो तेव्हा याचा हवेत असतो. त्यात दोन्ही बाजूंना टॉवर असतील तर प्रतिध्वनी वेगळा. या पॅकेजमध्ये स्टेजवरच्या स्पीकरवरही आधीपासून गाणी चालू असतात. तुकडी शेवटच्या वळणावर आली की दोन ठेके एकमेकांवर आदळतात आणि नेमकी सलामीच्या तोंडावर चाल विस्कटते. शेवटच्या दोनशे मीटरला स्पीकर बंद, हे साउंडवाल्याला चिठ्ठीवर लिहून द्या.

स्टेजबद्दलही असंच. फळ्या पक्क्या, पायऱ्यांना कठडा आहे, कार्पेट ताणून बसवलेलं. पण स्टेज कुठे लावतात, तर जिथून वीज घ्यायला जवळ तिथे. तुकडी ‘दाहिने देख’ (चालता चालता उजवीकडे बघून सलामी) करणार असेल तर मंच चालण्याच्या दिशेने उजव्या हाताला हवा. डावीकडे लागला तर हुकूम बदलावा लागतो, आणि आदल्या दिवशी केलेला सराव त्या एका शब्दावर गळपटतो. वीस मीटर जास्तीची वायर टाका, पण बाजू बदलू नका. मंचासमोर बँडने बाजूला वळून थांबायचं आणि तुकडी पुढे जाईपर्यंत वाजवत राहायचं असतं. त्यासाठी मंचाच्या समोर आठ-दहा फूट जागा मोकळी हवी. तिथे नेहमी कुणाची तरी ॲक्टिव्हा उभी असते, आणि मालक गावाला गेलेला असतो.

रुंदीचाही विचार करा. तीन रांगांत हातभर अंतर ठेवून चालायला साधारण तीन मीटर मोकळे लागतात. चाळींच्या मधल्या गल्लीत दोन्हीकडे बाइक लागल्या की तेवढे मिळत नाहीत. मग ऐन वेळी तीनाच्या दोन रांगा कराव्या लागतात आणि गर्दीत ते नीट जमत नाही. गल्ली अरुंद असेल तर सुरुवातीपासूनच दोन रांगा ठेवा.

जीप उत्तम आहे. जुनी डिझेल जीप, मागे उभं राहायला जागा आणि हाताला धरायला वेल्डिंग केलेला पाइप. तो पाइप हलवून बघा, कारण जवान एका हाताने सॅल्यूट करत असतो आणि सगळा भार दुसऱ्या हातावर येतो. ९० मीटर मिनिटाला म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास. पहिल्या गिअरमध्ये क्लचवर पाय न ठेवता जीप साधारण याच वेगाने सरकते. तीच ढोल पथकामागे लावली की ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर तासभर ती ओढतो, मग जळका वास येतो आणि रेडिएटर उकळतो. बंद पडलेल्या जीपला पोरं धक्का मारतात ते याचमुळे, गाडी जुनी म्हणून नव्हे. तुकडी आणि जीपमध्ये दहा मीटर अंतर ठेवा आणि गणपतीच्या ट्रॉलीला असतात तसे पुढच्या दोन्ही चाकांपाशी एकेक माणूस चालू द्या.

जीपच्या सजावटीवर मात्र आमचा ठाम आक्षेप आहे. बॉनेटवर तिरंगा अंथरून वर हार टाकलेला. ध्वजसंहिता २००२ प्रमाणे राष्ट्रध्वज गाडीच्या टपावर, बाजूंवर किंवा मागे पसरता येत नाही. गाडीवर ध्वज लावण्याचा मानही राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे. झालरी म्हणून ध्वज वापरणंही चालत नाही. ज्याने आयुष्यभर त्या ध्वजाला सलामी दिली त्याला तोच ध्वज बॉनेटवर अंथरलेल्या गाडीतून मिरवायचं, हे डेकोरेटरच्या लक्षात येत नसेल तर तुम्ही आणून द्या. झेंडू, पांढरी शेवंती आणि अशोकाची पानं यांच्या माळा क्रमाने लावल्या तर तिन्ही रंग येतात आणि दिसतंही छान. हातात द्यायचे झेंडे कागदाचे किंवा कापडाचे घ्या. डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीपासून पॉलिएस्टरही चालतं, प्लॅस्टिक नाही. वाटताना मोजून वाटा आणि मैदानाच्या दारात गोणी घेऊन एक माणूस उभा करा, म्हणजे संध्याकाळी ते गटारीच्या कडेला दिसणार नाहीत.

फुलं पॅकेजमधून घेतली तर आदल्या दुपारची येतात. गुलाबाच्या पाकळ्या पिशवीत घामेजून काळ्या पडतात. त्यापेक्षा दादर पश्चिमेच्या फूल मंडईत पहाटे जा. पाकळ्या प्लॅस्टिकमध्ये न बांधता टोपलीत, वर ओला तरट टाकून आणा. पाणी थेट पाकळ्यांवर मारू नका. ८०० मीटरला पंधरा किलो पाकळ्या पुरतात. एका किलोत चाळीस-पन्नास मुठी निघतात, तेव्हा गॅलरी-गॅलरीत परातीत वाटून द्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुकडी यायच्या आधी रस्त्यावर फुलांचा सडा घालू नका. तुडवलेल्या झेंडूवर पाय सटकतो, आणि नाल मारलेल्या ड्रिलच्या बुटाला तर पकडच नसते. फुलं वरून आणि जीपवर टाकायची, तुकडीच्या पायाखाली नाही.

गुलाल पूर्ण रद्द करा. मेडलच्या रिबिनीवरून तो निघत नाही, आणि तेल दिलेल्या ट्रम्पेटच्या पिस्टनमध्ये गेला की पिस्टन अडकतो. बँडवाले नाकाला रुमाल लावून वाजवू शकत नाहीत, हेही आहेच. हार घालताना दोरा मेडलच्या पिनमध्ये गुंततो, म्हणून एकच हार, तोही लगेच उतरवून हातात. फेटे शेवटी बांधा. डोक्यावर बेरे (लष्करी टोपी) असताना सलामीचं सगळं उरकून घ्या, मग फेटा. क्रेनला लटकवलेला मोठा हार आणि जेसीबीतून पुष्पवृष्टी हे दोन ‘ॲड-ऑन’ डेकोरेटर आग्रहाने विकतो. चाळीच्या तोंडाशी क्रेन उभी राहिली की अग्निशमनाच्या बंबाला वाट उरत नाही.

‘मिलिटरी ड्रेसमधली मुलं’ घेऊ नका. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून सैनिकाचा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, आणि २०२२मध्ये आलेल्या लष्कराच्या नव्या डिजिटल पॅटर्नची नक्कल विकायलाही मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, खऱ्या माजी सैनिकांच्या शेजारी भाड्याचे कमांडो खेळण्यातली बंदूक घेऊन उभे राहिले की सगळ्यांनाच ओशाळवाणं होतं. जवळच्या कॉलेजच्या एनसीसी युनिटला पत्र द्या. त्यांना चाल येते आणि त्यांचा गणवेश त्यांचाच असतो.

फ्लेक्सचा मजकूर डेकोरेटरच्या साच्यातून येतो आणि त्यावर मराठा लाइट इन्फंट्रीची घोषणा आपसूक छापलेली असते. प्रत्येक मराठी जवान त्याच रेजिमेंटचा नसतो. कुणी महार रेजिमेंटचा, कुणी बॉम्बे सॅपर्सचा, कुणी सिग्नल्सचा. विचारून घ्या. जवान अजून सेवेत असून सुट्टीवर आलेला असेल तर युनिट आणि नेमणुकीचं ठिकाण फ्लेक्सवर नको, रीलमध्ये तर अजिबात नको.

कोटेशनच्या तळाशी ‘परवानगी आमच्याकडे’ असं एक वाक्य आहे. त्यावर विसंबू नका. मुंबईत पोलिस आयुक्तांचे जमावबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात, त्यात लग्नाला सूट असते, अशा मिरवणुकीला परवानगी लागते. अर्ज तुमच्या मंडळाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर जातो आणि काही झालं तर बोलावणंही तुम्हालाच येतं. पोलिस ठाण्याला मार्गाचा नकाशा, सुरू आणि संपण्याची वेळ, अंदाजे माणसं, गाड्यांचे नंबर आणि लाउडस्पीकरचा उल्लेख द्या. वाहतूक पोलिसांची ना-हरकत वेगळी, रस्त्यावर स्टेज असेल तर पालिकेच्या विभाग कार्यालयाची वेगळी. ड्रोनचं शूटिंग डेकोरेटर सहज देऊ करतो, पण मुंबईत त्यावर बंदीचे आदेश असतात. रात्री दहानंतर स्पीकर नाही. परळमध्ये केईएम, टाटा, वाडिया एकमेकांना लागून आहेत आणि रुग्णालयाभोवतीचं शंभर मीटरपर्यंतचं अंतर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं असू शकतं. तिथून मार्ग जात असेल तर बँड थांबवा आणि साइड ड्रमच्या कडेवर नुसती काठी टिचकत न्या. चाल टिकते आणि आवाजही फारसा होत नाही.

तारखेचं एक गणित आहे. सैन्यातली निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या तारखेला होते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जीप आणि बँडला एकदम मागणी येते. बुकिंग महिनाभर आधी करा. पण मिरवणुकीची वेळ गाडीच्या वेळेला बांधू नका. गाडी तीन तास उशिरा आली की बँडवाल्याची पुढची ऑर्डर निघून जाते. जवानाला आदल्या दिवशी घरी येऊ द्या, झोपू द्या, आणि रविवारी सकाळी साडेआठला निघा.

औक्षणाचं ताट पॅकेजमध्ये फुकट आहे आणि ते तसंच दिसतं: थर्माकोलवर चमकी आणि वाऱ्याला न टिकणारी मेणबत्ती. घरचं ताट काढा, निरांजनात फुलवात तुपात नीट भिजवलेली, आणि एक जास्तीची काडेपेटी. वाडीत वीरमाता किंवा वीरपत्नी असेल तर पहिलं औक्षण तिच्या हातून करून घ्या. तिला आधी भेटून विचारा, माइकवरून अचानक बोलावू नका.

शेवट राष्ट्रगीताने होतो. पूर्ण राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, आणि बँड वाजवणार असेल तर आधी ड्रमचा रोल हवा, म्हणजे लोकांना सावधान व्हायला अवधी मिळतो. या बँडने रोल न देताच सुरुवात केली, त्यामुळे पहिल्या ओळीपर्यंत निम्मे लोक खुर्च्या सरकवत होते. बँडमास्तरला हे आधी सांगितलं तर तो बरोबर करतो. ॲडव्हान्स निम्मा द्या आणि उरलेला मैदान झाडून फुलांच्या गोण्या निर्माल्याच्या गाडीत चढल्यावर.