सिरॅमिक हीटर अन् एसटीसी-१००० थर्मोस्टॅट: अजगराच्या मोठ्या पेटीत दोन हिवाळे वापरून

आधीच सांगतो, आमचा अजगर पाळलेला नव्हता. सोयाबीनच्या सोंगणीत हार्वेस्टरखाली येऊन जखमी झालेला, साडेसात फुटाचा. वन विभागानं तालुक्याच्या रेस्क्यू सेंटरवर उपचाराला ठेवला अन् देखभाल आम्हा सर्पमित्रांकडे आली. आपल्याकडचा अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत येते, घरी ठेवताच येत नाही. अन् ज्यांच्याकडे बॉल पायथनसारखे बाहेरदेशातले साप आहेत त्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करून घ्या. पेटी गरम ठेवायचं गणित मात्र दोन्हीकडे एकच, म्हणून लिहून राहिलो.

पेटी आठ बाय चार, उंची तीन फूट, प्लायवूडची, समोर काच. खोलीवर टिनाचे पत्रे, रात्री असे गार पडतात की आत बसवत नाही. विदर्भ म्हटला की लोकांना उन्हाळाच आठवते, पण २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर आला होता हे विसरू नका.

सुरुवातीला एका दुकानदारानं "हे पुरून जाते" म्हणून हीटिंग मॅट, म्हणजे खाली अंथरायची विजेवर तापणारी चटई दिली. छोट्या डब्यात मॅट चालते, पण एवढ्या पेटीत ती फक्त पोटाखालची जागा तापवते, हवा गारच्या गार. सापाला गरमी पाहिजे म्हणून तो त्याच जागेवर वेटोळं करून बसला ते उठेचना, अन् सापाला पोटाखाली भाजून राहिलं हे नीट कळतही नाही. तिसऱ्या दिवशी उचलला तर पोटाचे खवले लालसर, दोन जागी फोड. त्याच हप्त्यात दिलेलं कोंबडं चौथ्या दिवशी ओकून टाकलं, पिसं तशीच चिकटलेली, अर्धंही पचलेलं नाही. सापाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, बाहेर गार असलं की पोटातलं पचायच्या आधी सडते. ते पाहून मला रात्रभर झोप आली नाही.

मग डॉक्टरसाहेबांच्या सांगण्यावरून १०० वॉटचे दोन सिरॅमिक हीटर अन् एक एसटीसी-१०००, म्हणजे तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारं थर्मोस्टॅट मागवलं. हीटर बल्बसारखाच होल्डरमध्ये फिरवून बसते पण उजेड अजिबात देत नाही, म्हणून सापाची रात्र रात्रच राहते. हे मला सगळ्यात आवडलं. पण होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळते. अन् हीटरला चारी बाजूनं जाळी पाहिजेच पाहिजे, साप वर चढून त्याला वेटोळं घालते, अन् तो इतका तापते की बोट लावलं तर कातडी निघून येईल.

खरी कमाल थर्मोस्टॅटची. ३१ वर सेट केलं, फरक १ अंश ठेवला, ३० वर आलं की टक आवाज येऊन हीटर चालू, ३१ ला बंद. दोन्ही हीटर एकाच टोकाला लावले, म्हणून ते टोक ३१ अन् दुसरं टोक २५ च्या आसपास राहते, सापाला जिकडे बरं वाटते तिकडे तो सरकते. सेन्सर गरम टोकाला, साप बसते त्या उंचीवर बांधा. आम्ही आधी छताजवळ लावला होता, गरम हवा वर जाते, वर ३१ दाखवे अन् खाली २६ च. सेन्सर केबल टायनं बांधा, चिकटपट्टी पेटीत लावूच नका, सापाच्या अंगाला चिकटली तर खवले उपटून निघतात.

तरी पहिल्या आठवड्यात हीटर रात्रभर बंदच होईनात. मग पेटीच्या वरून अन् मागून, बाहेरच्या बाजूनं थर्मोकोल लावला, हवेची भोकं मोकळी ठेवून, तेव्हा कुठं जमलं. दोनशे वॉट रात्रीचे दहा तास चालले तरी दोन युनिट, अन् आता तर मधेमधे बंद राहते. गरमीनं हवा कोरडी होते, कात तुकड्यातुकड्यात निघायला लागली होती, म्हणून पाण्याचा टब मोठा ठेवला.

तक्रारी आहेत. थर्मोस्टॅटच्या मागे वायर जोडायचे स्क्रू उघडेच, २३० व्होल्टचे. आम्ही वायरमनकडून डब्यात बसवून घेतलं, तुम्हीही तसंच करा. रिले, म्हणजे आतला चालू-बंद करणारा स्विच, कधी चिकटला तर हीटर चालूच राहते, म्हणून दुसरं एक थर्मोस्टॅट ३५ वर सेट करून लाईनमध्ये टाकलं, पहिलं फसलं तर ते बंद करते. सेन्सरची वायरही तोकडी, मोठ्या पेटीला जेमतेम पुरते. अन् लाईट गेली की सगळंच थंड, त्यावर या वस्तूत काही उपाय नाही. आम्ही गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, मोठं लोडशेडिंग असलं की रात्री दोनला उठून बदलतो.

हीटरला पाचपैकी चार, थर्मोस्टॅटला साडेचार. जानेवारीत त्या अजगरानं पुन्हा कोंबडं खाल्लं, आठव्या दिवशी पोट सपाट झालेलं दिसलं अन् सेंटरवरचे सगळे पेटीपाशी जमले. मार्चमध्ये रात्री उबदार झाल्यावर वन विभागाच्या लोकांसोबत त्याला जंगलात सोडला. यंदा त्याच पेटीत दुसरा आहे, विहिरीत पडलेला, आज सकाळी सहाला डिस्प्लेवर ३०.६.