बंदुकीच्या कपाटासाठी सिलिका जेलचा रिचार्जेबल डबा: घ्यावा का, आणि घेतला तर कसा वापरावा

समोर छोटी खिडकी, आत नारंगी मणी आणि मागे थेट सॉकेटमध्ये घालायच्या पिना, असा जो सिलिका जेलचा (हवेतली ओल शोषणाऱ्या मण्यांचा) डबा मिळतो तो मी बंदुकीच्या कपाटात बऱ्याच काळापासून वापरतोय आणि माझं मत सरळ आहे, वस्तू चांगलीय, जरूर घ्या. पण कपाटाचं दार नीट बसत नसेल तर पैसे आधी दारावर घाला, कारण फटीतून बाहेरची दमट हवा येत राहिली तर हा डबा अख्ख्या खोलीची ओल शोषत बसतो आणि बघता बघता मणी ओलीने भरून हिरवे होतात, मग लोक म्हणतात डबाच बोगस आहे. डबा बोगस नसतो, दार सैल असतं.

डब्यावर छापलेलं असतं की इतक्या घनफुटांसाठी पुरेल, त्या आकड्यावर फार जाऊ नका. जरा हिशोब करून बघा. समजा कपाट आतून 300 लिटरचं आहे, तर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असताना त्यातल्या सगळ्या हवेत मिळून पाणी असतं साधारण 7 ग्रॅम, म्हणजे दीड चमचा! सिलिका जेल दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा पाणी सहज धरतं, त्यामुळे ही हवा एकदा कोरडी करणं हे त्याच्यासाठी काहीच काम नाही. खरं पाणी येतं दाराच्या फटीतून, बोल्ट मारायच्या भोकांतून, आतल्या कार्पेटच्या अस्तरातून, बंदुकीच्या लाकडी कुंद्यातून (खांद्याला टेकवायच्या दस्त्यातून) आणि आगीपासून बचाव करणारं कपाट असेल तर त्याच्या भिंतीत बऱ्याचदा जिप्समची शीट असते, ती पण ओल धरते आणि सोडते. म्हणून नवीन कपाटात पहिले काही आठवडे डबा फार लवकर भरतो, ते नॉर्मल आहे, घाबरू नका, हळूहळू दोन वेळा भरण्यातलं अंतर वाढत जातं.

दार तपासायची सोपी युक्ती म्हणजे कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची, अलगद सरकून हातात आली तर तिथे फट आहे. चिकटपट्टीवाला रबराचा गॅस्केट लावला की खूप फरक पडतो, फक्त आगरोधक कपाटाची मूळ सील काढून टाकू नका, आगीत फुगून फट बंद करायचं काम तिचं असतं. बोल्टची रिकामी भोकं पण बुजवा.

आता किती कोरडं हवं हे कळायला आत हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, पाहिजेच, त्याशिवाय हे सगळं अंदाजपंचे. आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड जोरात गंजायला लागतं, 50 च्या खाली गंज फार हळू चालतो. मग लोकांना वाटतं एकदम 20 वर आणून ठेवू, तर तसं अजिबात करू नका, कारण अक्रोडाचा कुंदा असेल तर तो आकसतो, स्क्रूपाशी चिरा पडतात. 45 ते 50 मध्ये काटा राहिला की लोखंड पण खूश आणि लाकूड पण. स्वस्तातले डिजिटल हायग्रोमीटर चार-पाच टक्के इकडे तिकडे दाखवतात, तेव्हा एकदा मिठाची टेस्ट करून घ्या, बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, झाकण आणि हायग्रोमीटर दोन्ही झिपवाल्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं, सकाळी आकडा 75 पाहिजे. 70 आला तर तुमचा मीटर 5 कमी दाखवतो एवढं लक्षात ठेवा, झालं काम.

आकडा दिवसा बघून निश्चिंत होऊ नका, रात्रीचा पण बघा. दुपारी 30 अंशाला 60 टक्के आहे म्हणजे बरंच वाटतं, पण तीच हवा 21-22 अंशापर्यंत थंड झाली की ती जवळजवळ 100 टक्क्याला पोचते आणि नळीवर दव धरायला लागतं. हवेत पाणी तेवढंच, फक्त थंड हवेला ते धरून ठेवता येत नाही. बाहेरच्या थंडीतून आणलेली बंदूक उबदार खोलीत घामेजते ते याचमुळे, आणि तशीच कपाटात ठेवली तर डबा काय करणार? आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुसा, मग आत.

बरेच जण विचारतात की हा डबा घ्यावा का ती हीटिंग रॉड. दोघांचं काम वेगळंय. रॉड पाणी काढत नाही, हवा गरम करते आणि त्यामुळे आर्द्रतेची टक्केवारी उतरते, 25 अंशाला 80 टक्के असलेली हवा 30 अंशाला गेली की 60 वर येते. मोठं कपाट, जरा फटी असलेलं, आणि जवळ कायम वीज, तर रॉडच बरी, तिला रंग बघायचा नाही की वाळवायचं नाही. पण वायरसाठी भोक लागतं आणि वीज गेली की कपाट थंड होऊन आतली ओल जिथल्या तिथे असते. छोटं, घट्ट बंद होणारं लोखंडी कपाट असेल तर माझी पसंती डब्यालाच.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, कपड्यांच्या कपाटात लटकवायच्या त्या पिशव्या मिळतात ना, ज्यात पांढरे खडे असतात आणि खाली पाणी साठतं, त्या बंदुकीजवळ कधीच ठेवू नका. ते कॅल्शियम क्लोराइड असतं, खाली साठतं ते साधं पाणी नसून खारं द्रावण असतं, पिशवी कलंडली किंवा गळली तर नळीची वाट लागते. ओल कमी करायला गेलो आणि मीठ आणून ठेवलं असं होतं ते.

डब्याचा वापर सोपाय पण एका ठिकाणी लोक हमखास चुकतात. मणी नारंगीचे गडद हिरवे झाले की डबा कपाटाबाहेर काढून, हवेशीर खोलीत, सॉकेटला लावायचा, आत तापमान वाढतं आणि धरलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं. कपाटात सॉकेट आहे म्हणून आतच लावला तर सगळी ओल पुन्हा बंदुकीवर! आठ-दहा तास लागतात, रंग परत नारंगी दिसला की काढायचा, पण लगेच आत टाकू नका, गरम जेल पाणी नीट धरत नाही, गार होऊ द्या. जुन्या प्रकारात निळे मणी गुलाबी होतात, तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे, निवड करायची असेल तर नारंगीच घ्या.

तक्रारी सांगायच्या तर खिडकी फार लहान आहे, कपाटातल्या अंधारात हिरवा आणि गडद नारंगी वेगळा ओळखायला टॉर्च लागतो. रंग हळूहळू बदलतो, अर्धवट मळकट तपकिरी झाला की समजत नाही काढायचा की राहू द्यायचा, मी तेव्हा सरळ हायग्रोमीटरचं ऐकतो. पिना सरळ सॉकेटमध्ये जातात त्यामुळे डबा शेजारचं बटण झाकतो. पण हे सगळं चालवून घेण्यासारखं.

डबा आहे म्हणून तेल बंद असं मात्र करू नका. ब्लूइंग, म्हणजे नळीवरचा तो काळसर मुलामा, हा लोखंडाचाच एक काळा ऑक्साइड, पातळ थर, तेल नसेल तर त्याच्या आरपार गंज धरतो, आणि स्टेनलेस पण गंजतं, उशिरा गंजतं एवढंच. घामातलं मीठ सगळ्यात वाईट. नळीवर उघडं बोट लागलं आणि न पुसता राहिलं तर काही दिवसांनी नेमक्या तिथेच तपकिरी ठिपके उठतात, नीट बघितलं तर ठशाच्या रेघासुद्धा मोजता येतात, आणि पांढऱ्या फडक्याने घासलं की फडक्यावर विटकरी पट्टा उमटतो. एवढ्यावर असताना 0000 नंबरची (सगळ्यात बारीक) स्टील वूल आणि तेल लावून हलक्या हाताने निघतं, खड्डा पडला की मग नाही. म्हणून हाताळून झाली की तेलाच्या फडक्याने पुसूनच आत ठेवायची, आणि पुसायच्या आधी बंदूक रिकामी आहे ना ते चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, डोळ्याने बघून. डब्ल्यूडी-40 पाणी हटवायला उत्तम पण त्याचा थर फार दिवस टिकत नाही, लांब ठेवणीसाठी गंजरोधक तेल किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. जाड ग्रीस भरली असेल तर गोळी झाडण्याआधी नळी पूर्ण साफ झाली पाहिजे, यात हयगय नको. उभी ठेवताना नळीचं तोंड खाली केलं तर तेल उतरून कुंद्यात मुरत नाही.

फोमच्या केसमध्ये किंवा चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवून तीच कपाटात सरकवणाऱ्यांना हा डबा काही उपयोगाचा नाही, फोम आणि चामडं ओल धातूला चिकटवून धरतात आणि डब्याला तिथपर्यंत पोचताच येत नाही. बाहेर काढा, बंदुकीवर सिलिकॉन लावलेला विणलेला मोजा चढवा, तो हवा खेळू देतो.

शक्य असेल तर डबे दोन घ्या, एक चार्जिंगला बाहेर असताना दुसरा आत पाहिजे, विशेषतः पावसाच्या दिवसांत, कारण नेमकं तेव्हाच एका रात्रीत आकडा 45 वरून 60 च्या पुढे जातो.