कंबरदुखीसाठी 8 महिने रोज चालले, त्याचा अनुभव

साडेतीन वर्षं झाली कंबर दुखतेय. दर दोन-अडीच महिन्यांनी उसण भरायची, सकाळी बेसिनपाशी वाकले की एकदम कळ आणि मग आठ-दहा दिवस पायात सलवार घालायलाही कुणीतरी लागायचं. शेक, तेल, पट्टा, जमिनीवर झोपणं, सगळं करून झालं. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, निघाला तेव्हापासून तर मी वाकायलाच घाबरायला लागले. 2015 साली एक मोठा आढावा आला होता, त्यात ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा विशीतल्या लोकांमध्येही 30 टक्क्यांना बल्ज दिसला होता आणि ऐंशीच्या वयात 84 टक्क्यांना. हे मला रिपोर्ट हातात देतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं, अख्खं वर्ष भीतीत काढलं हो.

जूनमध्ये उसण उतरल्यावर फिजिओ मॅडमनी चालायला लावलं. त्यांनीच सिडनीच्या मॅक्वारी युनिव्हर्सिटीचा अभ्यास सांगितला, 2024 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेला. 701 लोक, सगळे नुकतेच कंबरदुखीतून उठलेले, काहींना चालण्याचा प्लॅन आणि सहा महिन्यांत फिजिओची सहा सेशन, बाकीच्यांना काहीच नाही. ज्यांना काही दिलं नव्हतं त्यांची कंबर परत धरायला साधारण 112 दिवस लागले, चालणाऱ्यांची 208. म्हणजे दुखणं कायमचं जातं असं नाही, मधलं अंतर वाढतं. मला हेच पटलं, कारण आजवर प्रत्येकाने मला कायमचं बरं करायचं आश्वासन दिलं होतं.

सुरुवात 10 मिनिटांनी केली, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत आता आठवड्यातून 5 दिवस 30 ते 35 मिनिटं चालते. पावसात बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारल्या. दुसऱ्या महिन्यात टाच दुखायला लागली, तेव्हा आठवडाभर कमी केलं आणि चपला सोडून बूट घेतले. त्या अभ्यासातही चालणाऱ्यांमध्ये पायाच्या तक्रारी जास्त होत्या, 100 विरुद्ध 54, त्यामुळे बुटांवर खर्च करा, पट्ट्यावर नको. पट्टा तर डब्ल्यूएचओनेही 2023 च्या गाइडलाइनमध्ये जुनाट कंबरदुखीला नको म्हटलंय.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढताना कंबर धरलीच, रडूच आलं, वाटलं सगळं फुकट गेलं. पण यावेळी झोपून राहिले नाही, दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं चालले आणि चौथ्या दिवशी ऑफिसला गेले. त्यानंतर आता फेब्रुवारी आला, एकदाही नाही.

पायात मुंग्या येत असतील, पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर मात्र चालत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.