स्टंट पतंगाला ६ मिमी कार्बन नळी: काही महिन्यांच्या वापरानंतर

पतंग दोन दोऱ्यांचा डेल्टा, पंखविस्तार साधारण १.८ मीटर, कापड रिपस्टॉप नायलॉनचं. मूळ काड्या ६ मिमी भरीव फायबरग्लासच्या. खालचा स्प्रेडर (पंख ताणून धरणारी आडवी काडी) मोडल्यावर त्याच्या दोन्ही अर्ध्या काड्या बदलून पुल्ट्रुडेड (साच्यातून ओढून बनवलेली) कार्बन नळी घातली: बाहेरून ६ मिमी, आतून ४ मिमी. एरोमॉडेलिंगचं सामान विकणाऱ्यांकडे ती एक मीटर लांबीत मिळते.

फरक मंद वाऱ्यात लगेच कळतो. ६ मिमी भरीव फायबरग्लास मीटरला पंचावन्न ग्रॅमच्या आसपास भरतं, ही नळी पंचवीसच्या. शिवाय वाकायला ती दुपटीहून जास्त ताठ. झोत आला तरी पंख मिटत नाहीत, वळण नेमकं बसतं.

म्हणूनच एकच बाजू बदलू नका. नरम बाजूचं कापड वारा सोडून देतं आणि पतंग सतत एकीकडे ओढतो. जोडी एकाच गठ्ठ्यातली घ्या, वजनात एक ग्रॅमपेक्षा जास्त तफावत नको. दुकानात व्हर्नियर घेऊन जा. '६ मिमी' लिहिलेली नळी ६.२ निघाली तर सेंटर टीमध्ये (मधल्या काडीवरच्या जोडात) शिरतच नाही.

लांबी शाबूत बाजूवरून घ्या, टोकाची टोपी काढून. पाच मिमी जास्त झाली तरी कापड ताणून शिवणीवर भार येतो. कमी झाली तर मागची कड फडफडत राहते.

कापताना खुणेवर मास्किंग टेप गुंडाळा आणि बारीक दात्यांच्या हॅकसॉने नळी फिरवत फिरवत चारी बाजूंनी कापा. पक्कड अजिबात नको, नळी चिरडून लांबवर फाटते. पाणी मारत कापा, मास्क आणि हातमोजे घाला. कार्बनची कूस बोटात गेली की दिवसभर छळते. मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने कड घासून तिला पातळ सुपरग्लू पाजा.

खरी कमजोरी टोकांची. पुल्ट्रुडेड नळीत सगळे तंतू लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे फेरूलने (जोडासाठी नळीच्या आत घातलेल्या छोट्या काडीने) आतून रेटा दिला की टोक उभं चिरतं. टोकाकडच्या दीड सेंटिमीटरवर पॉलिएस्टर दोरा घट्ट गुंडाळून सुपरग्लू दिला की हे बऱ्यापैकी थांबतं. मात्र दोऱ्यामुळे व्यास वाढतो, तेव्हा हे फेरूलच्या टोकालाच करा, टीच्या आत जाणाऱ्या टोकाला नाही. आडवे तंतू असलेली रोल-रॅप्ड नळी मुळातच कमी चिरते, पण महाग.

फेरूल ४ मिमी भरीव काडीचा, १० सेंमी लांब, एका बाजूला इपॉक्सीने पक्का. ॲल्युमिनियमचा टाळा. कार्बनला टेकून खाऱ्या हवेत तो पांढरी पूड धरतो आणि नळीत अडकून बसतो. किनाऱ्यावर उडवलं की जोड सोडून गोड्या पाण्याने धुवा. टीमध्ये अडकलेली वाळू नळीवर गोल खाच पाडते, आणि नळी पुढे तिथेच मोडते. नखाला खाच लागली की नळी बदला.

लीडिंग एजला (पंखाच्या पुढच्या कडेच्या काडीला) मात्र फायबरग्लासच राहू द्यावं, निदान शिकाऊ हातात तरी. नाकावर आपटल्यावर ते वाकून सरळ होतं, कार्बन मोडतो. कार्बन वीजवाहकही आहे, विजेच्या तारांजवळ हा पतंग काढूच नये.