पुढच्या चाकाची घरघर आणि मेकॅनिकचा स्टेथोस्कोप: घ्यावा का?

डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखंच हे हत्यार. फक्त छातीवर ठेवायच्या चकतीच्या जागी एक छोटी धातूची डबी आणि तिला आट्यांवर बसणारी पोलादी कांडी असते. डबीत पातळ पडदा असतो. कांडीचं टोक धातूला टेकलं की त्या भागाची थरथर थेट कानात येते. जळगाव, धुळे, भुसावळ इथल्या हत्यारांच्या दुकानांत किंवा ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. किमतीच्या मानाने हत्यार चांगलं आहे, घ्यावं. मात्र निव्वळ त्याच्या सांगण्यावरून बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं तो गोळ्यांचा भाग, खराब झाला की घरघरतो) बदलू नये. आधी रस्ता, मग जॅक आणि शेवटी कांडी, या क्रमानेच त्याचा उपयोग होतो.

रस्त्यावरची परीक्षा फुकट असते आणि निम्मं निदान तिथेच होतं. धुळे–जळगाव महामार्गावर पारोळा–एरंडोलकडे सरळ, मोकळा पट्टा बघून गाडी ताशी 60 ते 80 वर न्या. काचा बंद, एसी बंद. घरघर वेगाबरोबर वाढते का ते ऐका. मग ॲक्सिलरेटर सोडून क्षणभर न्यूट्रल करा. इंजिनचे फेरे उतरले तरी आवाज तसाच राहिला, तर तो चाकाकडचा. आता मागेपुढे वाहन नसताना स्टीअरिंग हलकेच डावीकडे घ्या. गाडीचा भार उजव्या चाकावर जातो. घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर, उजवीकडे घेतल्यावर वाढली तर डाव्यावर. डांबरावरून काँक्रीटवर जाताच आवाजाचा पोत बदलला, तर बहुधा टायरच उंचसखल झिजलाय. पुढची चाकं मागे टाकून बघा. आवाज मागे गेला तर बेअरिंगचा खर्च वाचला.

बाकीचे आवाज वेगळे ओळखू येतात. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कट-कट-कट झालं की बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या शाफ्टचा चाकाकडचा सांधा. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतंच. गतिरोधकावर ठक्क वाजलं तर सस्पेन्शनचे भाग बघा: लिंक रॉड, लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट (त्याच दांड्याचा चाकाकडचा गोल सांधा) किंवा शॉकअपचं वरचं माउंटिंग. बारीक शिट्टी ब्रेक दाबताच थांबत किंवा बदलत असेल तर पॅड बघा. सतत खरखर येत असेल तर डिस्कमागच्या पत्र्यात खडी अडकलेली असते. स्क्रू ड्रायव्हरने पत्रा जरा बाहेर ओढला की काम झालं. आपल्याकडे आणखी एक प्रकार होतो: शेतरस्त्यावरची काळी माती रिमच्या आत सुकून बसते, चाकाचा तोल जातो आणि महामार्गावर स्टीअरिंग थरथरतं. तिथे बेअरिंगचा काही दोष नसतो. रिम आतून धुऊन घ्या.

मग जॅक. चाक उचलून गाडीखाली घोडी (आधाराचा स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड लावा. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बहुधा बॉल जॉइंट. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खेळ असेल तर आधी टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) बघा. शेवटी एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळहाताला कळते. खेळ अजिबात नसलेलं बेअरिंगही घरघरतं, म्हणून हे पाऊल गाळू नका.

आता कांडी. टोक नकलवर (बेअरिंग ज्यात बसतं त्या न फिरणाऱ्या ओतीव भागावर), बेअरिंगच्या घराजवळ टेकवा. फिरणाऱ्या भागाला कधीच नाही. चांगलं बेअरिंग एकसारखं सळसळतं, खराब असेल तर दळल्यासारखा, ठेका धरलेला आवाज येतो. दोन्ही बाजू ऐका. फरक कळतो तो तुलनेतूनच, एका बाजूवरून ठरवणारा फिटर अंदाजच बांधत असतो. इंजिनने चाकं फिरवायची तर दोन्ही पुढची चाकं घोडीवर घ्या आणि आधार लोअर आर्मखाली द्या. सस्पेन्शन लोंबकळत राहिलं तर शाफ्टचा कोन वाढतो आणि रस्त्यावर नसलेला आवाज जॉइंट करू लागतो. एकच चाक उचललं तर डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांत गती वाटणाऱ्या गिअरमुळे) ते मीटरवरच्या वेगाच्या दुप्पट फिरतं; मीटर 40 दाखवतं तेव्हा चाक 80 च्या गतीने. असं करू नये. गळ्यातला रुमाल काढून ठेवा, स्टेथोस्कोपची नळी शर्टात खोचा. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन पुढची चाकं फिरवतच नाही. तिथे हाताने फिरवून ऐकावं लागतं आणि हत्याराचा उपयोग बराच कमी होतो.

मोठी उणीव हीच: हवेत लटकणाऱ्या चाकावर गाडीचं वजन नसतं. सुरुवातीची खराबी भाराखालीच बोलते, म्हणून कांडीला काही ऐकू आलं नाही याचा अर्थ बेअरिंग चांगलं असा धरू नये. चालत्या गाडीत ऐकायचं तर चिमट्यांवर माइक असलेला, हेडफोनचा संच येतो. तो काही हजारांचा आहे. रोज सस्पेन्शनचं काम करणाऱ्या गॅरेजला परवडेल, गाडीमालकाने त्यात पैसे घालू नयेत.

घेताना कांडी आट्यांवर घट्ट बसते का ते बघा, सैल असली तर तिचाच आवाज कानात येतो. कानातली टोकं कडक प्लास्टिकची असतात, थोड्या वेळात दुखतात. मऊ टोकांचा मिळाला तर तोच घ्या. नळी कपड्याला घासली तरी मोठा आवाज होतो. एप्रिल-मे महिन्यांत स्टेथोस्कोप डिकीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात रबराला तडे जातात आणि मग आवाज गळतो.

बेअरिंगच निघालं तर कामावर लक्ष ठेवा. फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी काढल्यावर सीलमधून पाणी शिरून ग्रीस खराब होणं हे पावसाळ्यानंतरचं नेहमीचं कारण आहे. प्रेसवर नवं बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच हवा. आतल्या रिंगवर दिला तर गोळ्यांचे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंगही घरघरू लागतं. हातोड्याने ठोकून बसवणाऱ्याकडे काम देऊ नका. एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) गाडी असेल तर बेअरिंगची चुंबकीय बाजू सेन्सरकडेच यायला हवी, उलटी बसली की मीटरवर दिवा लागतो. ॲक्सलचा नट नवा घ्या आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळायला लावा. नट सैल असताना गाडीचं वजन चाकावर येऊ देऊ नका.